स्वच्छ केलेला आवाज

मुलगी: परत लावा.

साउंडवाला: ताई, कितीही वेळा लावलं तरी तेच येणार.

मुलगी: तरी लावा.

स्पीकर: ...तर मंडळी, हे आपलं 'भंगारयान'. तेव्हा आमच्याकडे नुसती हौस होती, अक्कल नंतर आली. आणि हा बघा, पडद्यावर डावीकडून लंगडत येतोय तो आमचा गंज्या. अख्ख्या अंतराळात गुडघेदुखी असलेला एकमेव यंत्रमानव! त्याला आवाज देणारा माझा जुना मित्र आज माझ्या शेजारी बसलाय. काय रे, पहिल्या दिवशी तोंडापुढे काय धरलं होतंस? ... ... ... हाहा! पेला! स्टीलचा पेला! ... ... नाही नाही, ते खोटं. ... ... बरं बाबा, तू म्हणतोस तर तसं.

मुलगी: थांबवा. "तू म्हणतोस तर तसं." काय म्हणाले ते?

साउंडवाला: ते... ते आता कळणार नाही.

मुलगी: काका प्रश्न विचारतात, काका हसतात, काका वाद घालतात. माझे वडील कुठे आहेत यात?

साउंडवाला: तेच सांगायला फोन केला होता मी. फोनवर नीट जमलं नाही.

मुलगी: फोनवर तुम्ही म्हणालात, "थोडा बिघाड झालाय, येऊन जा." थोडा!

साउंडवाला: चुकलंच माझं. ताई, पाणी देऊ का?

मुलगी: नको. वडील जाऊन महिना झाला नाही अजून. मी शाळेतून अर्धी रजा टाकून त्यांचा आवाज ऐकायला आलेय. तेवढा ऐकवा.

साउंडवाला: म्हणजे कसं होतं, मी सांगतो. मला समजावता येत नाही फार, मी दिवसभर या खोलीत एकटाच असतो. जुनी मालिका डिस्कवर काढायची म्हणजे चित्र साफ करणारे वेगळे, आवाज साफ करणारा मी. त्यात या गप्पा नवीन. प्रत्येक भाग बघता बघता जुने लोक आठवणी सांगतात, त्या वेगळ्या रेकॉर्ड होऊन येतात. यांचं रेकॉर्डिंग दिग्दर्शक सरांच्या, म्हणजे तुमच्या काकांच्या घरी झालं. घर म्हटलं की पंखा आला, फ्रिज आला, वायरींची घरघर आली.

मुलगी: बरं.

साउंडवाला: ती घरघर काढायची एक पद्धत आहे. रेकॉर्डिंग सुरू झालं की पहिले काही क्षण कोणीच बोलत नाही. ती शांतता आम्ही नमुना म्हणून घेतो. कॉम्प्युटरला सांगायचं, या शांततेत जो आवाज आहे ना, तो कचरा. तो सगळीकडून काढ. तो मग पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत तो आवाज शोधतो आणि पुसतो.

मुलगी: आणि त्या शांततेत काय होतं?

साउंडवाला: एक घरघर होती. एका सुरातली. मला वाटलं, जुना फ्रिज असेल.

मुलगी: ते यंत्र होतं.

साउंडवाला: हो.

मुलगी: घशाला लावायचं यंत्र. बटण दाबलं की घरघरतं, तोंड हलवलं की त्याचे शब्द होतात.

साउंडवाला: आता माहीत आहे मला. तेव्हा नव्हतं. तुमच्या वडिलांचं ऑपरेशन झालंय, स्वरयंत्र काढलंय, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. बहुतेक त्यांनी आधीच बटण दाबून ठेवलं होतं. तोंड बंद ठेवून, आपली पाळी कधी येते याची वाट बघत.

मुलगी: ते तसेच होते. स्टुडिओतसुद्धा दिवा लागायच्या आधीच श्वास घेऊन उभे राहायचे.

साउंडवाला: तोच नमुना घेतला गेला, ताई. मग कॉम्प्युटरने बाकी काही ठेवलं नाही. यंत्राचा आवाज तर सगळा एकाच सुरात असतो.

मुलगी: आणि तुम्ही नंतर ऐकलं नाहीत?

साउंडवाला: ऐकलं ना. मी शब्द नाही ऐकत, घरघर उरली का तेवढं ऐकतो. स्वच्छ होतं. एक म्हातारे गृहस्थ बोलत होते, थांबून थांबून.

मुलगी: थांबतात तेव्हा कोणाचं तरी ऐकत असतील, एवढंही नाही वाटलं?

साउंडवाला: वाटलं, आठवत असतील. वय झालंय.

मुलगी: मूळ फाइल द्या. तुम्ही साफ करायच्या आधीची. घरघरीसकट.

साउंडवाला: ती नाही.

मुलगी: नाही म्हणजे?

साउंडवाला: सरांनी पसंतीची सही केली की मूळ काढून टाकायचं, हा इथला नियम. पुढच्या कामाला जागा लागते. वरून दुसऱ्या दोन मालिका चढल्या. मी सगळे उपाय करून बघितले, ताई. बाहेरून माणूस बोलावला. ज्याने रेकॉर्डिंग केलं त्याचं कार्डही पुसून कधीच वापरलं गेलंय.

मुलगी: जे काढलं ते कुठे जातं?

साउंडवाला: कुठेच जात नाही. वजा होतं.

मुलगी: तुम्हाला मुलं आहेत?

साउंडवाला: एक मुलगी आहे.

मुलगी: तिला दोन वर्षं तुमचा आवाज ऐकू आला नाही, असं समजा. माझ्या वडिलांनी ऑपरेशननंतर घरात एक अक्षर उच्चारलं नाही. यंत्र मिळालं होतं दवाखान्यातून. एकदाच लावून पाहिलं त्यांनी, बाथरूममध्ये, दार लावून, नळ मोठा सोडून. मी बाहेर उभी होते. मला पाण्याशिवाय काही ऐकू आलं नाही. बाहेर आले आणि कपाटात ठेवलं ते ठेवलंच.

साउंडवाला: मग बोलायचे कसे?

मुलगी: पाटी. माझ्याच शाळेतले खडू. दिवसभर वर्गात घसा फोडायचा आणि घरी येऊन पाटी वाचायची. हाक मारता येत नाही, म्हणून पलंगाच्या दांडीवर ठोकायचे. एकदा ठोकलं की जावई, दोनदा ठोकलं की मी. हातात काही का असेना, मी तिथूनच ओरडायची, "आले!"

साउंडवाला: मग या गप्पांसाठी कसे तयार झाले बोलायला?

मुलगी: काकांनी मन वळवलं. काका दगडालाही बोलतं करतील. त्या दिवशी रेकॉर्डिंगहून घरी आले आणि पाटीवर लिहिलं, "बोललो." एवढंच. मी म्हटलं, मग आता माझ्याशीही बोला की. तर पाटी पुसली आणि लिहिलं, "डिस्क आली की ऐक. शेवटच्या भागात, अगदी शेवटी. तुझ्यासाठी आहे."

साउंडवाला: अरे देवा.

मुलगी: त्यानंतर न्यूमोनिया झाला आणि आठवड्यात गेले. म्हणून विचारतेय, कुठे आहेत ते?

साउंडवाला: शेवटचा भाग लावू का?

मुलगी: नको! तो नका लावू इतक्यात. तिथेही काही नसेल तर मग मी कशाची वाट बघू?

दिग्दर्शक: काय रे, जिना आहे की कडा तुमचा? लिफ्टवर पाटी, "बंद आहे", आणि तीसुद्धा गंजलेली! अगं, तू आधीच आलीस होय. ये पोरी. किती वाळलीस.

मुलगी: काका, तुम्ही सही केलीत.

दिग्दर्शक: बसू तरी दे. याने फोनवर सांगितलं मला सगळं. तेव्हापासून घास उतरत नाही. सही केली, हो. पहिल्या भागाची पाच मिनिटं ऐकली होती मी.

मुलगी: पाच मिनिटं. आणि त्यात बाबा नाहीत हे कळलं नाही?

दिग्दर्शक: गंज्या पडद्यावर येईपर्यंत तो बोलतच नव्हता गं. लाजत होता. बटण दाबायचा, सोडायचा. त्या पाच मिनिटांत सगळा मीच. मला वाटलं, छान झालंय. मला माझा आवाज आवडतो, हे काय आज कळलं तुला?

साउंडवाला: सर, पाच वाजता माल कारखान्यात जायचाय. डिस्कच्या प्रती काढायला घेतील. वेष्टन तर छापून तयार आहे. काय करायचं ते आता ठरवायला हवं.

मुलगी: काय छापलंय बघू. "चित्र नव्याने उजळलेलं, आवाज पूर्ण स्वच्छ. शिवाय मूळ कलाकारांच्या दिलखुलास गप्पा." आणि खाली बाबांचं नाव. तुमच्या आधी.

दिग्दर्शक: मीच सांगितलं होतं, त्याचं नाव आधी घाला. ऐक, मी उपाय आणलाय. एक पोरगा आहे, नकला करतो. गंज्याचा आवाज असा काढतो की डोळे मिटले तर तुझा बाप उभा राहील. दुपारपर्यंत येतो म्हणाला. मी प्रश्न विचारले आहेतच, तो मधल्या मधल्या जागा भरेल.

साउंडवाला: कंपनीवाले म्हणत होते, माणूसही नको. मालिकेत वडिलांचा इतका आवाज आहे, कॉम्प्युटरला दिला तर तो त्या आवाजात हवं ते बोलेल.

मुलगी: कॉम्प्युटर.

साउंडवाला: मी नाही, ते म्हणत होते.

मुलगी: ज्याने पुसलं तोच आता भरून देणार! बैल गेल्यावर झोपा करतात असं ऐकलं होतं. तुम्ही तर झोप्यात दुसराच बैल बांधायला निघालात.

दिग्दर्शक: पोरी, पण लोक हसतील त्याला. पंचवीस वर्षांनी ही मालिका परत येतेय. लहानपणी ती बघणारी पोरं आता बाप झालीत, ती घेणार. ते लावून बसतील आणि त्यांना काय ऐकू येईल? एक खुळा म्हातारा रिकाम्या खुर्चीशी बोलतोय.

मुलगी: म्हणजे लोक तुम्हाला हसतील.

दिग्दर्शक: असं तोडून नको बोलूस.

मुलगी: मग सांगा. तुम्ही होता ना तिथे? तुमच्याशिवाय त्यांचा तो आवाज कोणीच ऐकलेला नाही. कसा होता?

दिग्दर्शक: कसा म्हणजे... हुबेहूब गंज्या! मी त्याला म्हटलं, लेका, इतकी वर्षं पेल्यात तोंड घालून जो आवाज काढायचास, तो आता देवाने तुला फुकट दिला. पेला नको की काही नको.

मुलगी: असं म्हणालात तुम्ही त्यांना?

दिग्दर्शक: हसला गं तो! खूप हसला.

मुलगी: हसायचा आवाज येत नव्हता त्यांना. खांदे हलायचे. रडतानाही तेच हलायचे. तुम्हाला कसं कळलं, हसले म्हणून?

दिग्दर्शक: मी... मी पडद्याकडे बघत होतो.

मुलगी: शेवटच्या भागात माझ्यासाठी काय बोलले?

दिग्दर्शक: हां, ते पक्कं आठवतं. म्हणाला, "माझ्या पोरीने मला फुलासारखं जपलं. ती माझी मुलगी नाही, माझी आई आहे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मुलगी: नाव घेतलं माझं?

दिग्दर्शक: घेतलं म्हणजे काय! दोनदा घेतलं, ठासून.

मुलगी: त्यांनी मला जन्मात नावाने हाक मारली नाही. "ए चिमणे" म्हणायचे. पाटीवरसुद्धा तेच लिहायचे.

दिग्दर्शक: मग चिमणी म्हणाला असेल. हो, चिमणीच म्हणाला. आत्ता आठवलं बघ.

मुलगी: काका.

दिग्दर्शक: चिमणीसारखं जपलं, असं काहीतरी...

मुलगी: काका, पुरे. उचलली जीभ लावली टाळ्याला. तुमच्याकडे जीभ आहे म्हणून.

साउंडवाला: सर, मी जरा बाहेर थांबू का?

दिग्दर्शक: थांब इथेच. तूही ऐक. पोरी, मला आठवत नाही. विसरलो असतो तर एक वेळ परवडलं असतं. मी ऐकतच नव्हतो. त्या यंत्राचं बोलणं पटकन समजत नाही, कान देऊन ऐकावं लागतं. आणि मला पडद्यावरचं दृश्य निघून जायची भीती. म्हणून तो बोलत असायचा तेव्हा मी माझा पुढचा विनोद जुळवत असायचो. त्याचं बटण सुटलं, घरघर थांबली, की मी हसायचो आणि सुरू व्हायचो. "बरं बाबा, तू म्हणतोस तर तसं." मला माहीत नाही तो काय म्हणत होता.

मुलगी: एकही वाक्य नाही?

दिग्दर्शक: पेल्याचं काहीतरी होतं. आणि मध्ये एकदा तो बराच वेळ बोलला. बराच वेळ. मी घड्याळाकडे बघितल्याचं आठवतं.

मुलगी: दोन वर्षांनी तोंड उघडलं त्यांनी. आणि उघडलं ते तुमच्यासमोर.

दिग्दर्शक: मार मला. खरंच मार.

मुलगी: मारून काय उपयोग? त्याचाही तुम्ही किस्सा कराल.

साउंडवाला: ताई, एक सांगू? अगदीच काही उरलं नाही असं नाही. एकसुरी आवाज तेवढा गेला. जे अचानक येतं ते राहतं. ओठ मिटल्याचा आवाज, जिभेचा टक् असा, श्वास. मी आवाज वाढवून ऐकवतो. हे बघा. हा प. हा ट. हा पुन्हा प. मध्ये गळ्यावरच्या भोकातून श्वास येतोय तो हा.

मुलगी: परत. ... परत लावा. ... पा... पाट... पाटी? की पोट? की पटत नाही?

साउंडवाला: मी सगळी सकाळ हेच करत होतो. नाही लागत, ताई.

मुलगी: वर्गात मागच्या बाकावरची पोरं कुजबुजतात ना, तसं आहे. माझ्याबद्दलच बोलतायत एवढं कळतं. काय, ते कळत नाही. बंद करा.

दिग्दर्शक: मग हे गप्पांचं प्रकरणच काढून टाकू या का? नुसती मालिका जाऊ दे.

साउंडवाला: तसंही होईल. वेष्टनावर कागद चिकटवतील वरून.

मुलगी: म्हणजे नावावर कागद चिकटवणार.

साउंडवाला: हो, तिथेच येईल तो.

मुलगी: ...शेवटचा भाग लावा.

दिग्दर्शक: पोरी, नको. मघाशी तूच नको म्हणालीस ना? कशाला जिवाला त्रास?

मुलगी: आता वाट बघण्यासारखं काही उरलं नाही. मग ऐकलेलं बरं.

साउंडवाला: शेवटच्या दोन मिनिटांपासून लावतो. तिथे थोडं काम बाकी होतं माझं. माइकला धक्के लागलेत, ते काढायचे होते. अजून काढले नाहीत.

स्पीकर: ...आणि इथे यान भंगारात निघतं. लोक आम्हाला शिव्या द्यायचे, मुलांच्या मालिकेचा असा शेवट करतात का! पण मला सांगा, भंगार गोळा करणारं यान शेवटी दुसरीकडे कुठे जाणार? ... गंज्या एकटा दिवे मालवतोय बघा. काय रे, या दृश्याबद्दल तुला काही बोलायचंय? ... ... ... ... ... असो! तर मंडळी, इतकंच. जुन्या पोरांनो, नव्या पोरांना दाखवा. चला, नमस्कार! झालं रे. निघू या. मी चहा सांगतो.

मुलगी: पाच-सहा श्वासांइतके बोलले ते तिथे. आणि तुम्ही म्हणालात, "असो."

दिग्दर्शक: नाही. थांब. हे नाही. तिथे तो बोललाच नाही.

मुलगी: परत सुरू झालात?

दिग्दर्शक: तुझी शपथ. माझं खरं वाटत नसेल तर वाटू देऊ नकोस, पण हे मी डोळ्यांनी बघितलं, ऐकायचं नव्हतं त्यात. मी विचारलं तेव्हा त्याने यंत्र गळ्यावरून काढलं होतं. पिशवीत घातलं, पिशवीची नाडी बांधली. मला राग आला, म्हटलं लेका, शेवटच्या दृश्याला गप्प बसतोस? म्हणून तर मी "असो" म्हणालो. मग उठलो आणि चहा सांगायला आत गेलो.

मुलगी: आणि ते?

दिग्दर्शक: तो तिथेच. माइकसमोर.

मुलगी: यंत्र पिशवीत?

दिग्दर्शक: पिशवीत.

मुलगी: म्हणजे इथे पुसण्यासारखं काही नव्हतंच.

साउंडवाला: रेकॉर्डिंग चालू राहिलंय पुढे. सर गेल्यावरही आहे थोडं. तेच धक्के म्हणतोय मी. कोणीतरी टेबलावर आपटल्यासारखं.

मुलगी: किती धक्के आहेत?

साउंडवाला: ते काढून टाकतो, ताई, एका मिनिटाचं काम...

मुलगी: हात लावू नका! कशालाच हात लावू नका. पहिल्या भागापासून आहे तसं जाऊ दे.

साउंडवाला: रिकाम्या जागांसकट?

मुलगी: रिकाम्या जागांसकट.

साउंडवाला: लोक तक्रार करतील. म्हणतील डिस्क खराब आहे.

मुलगी: म्हणू दे.

दिग्दर्शक: मी रिकाम्या खुर्चीशी बोलतोय असंच वाटेल, पोरी.

मुलगी: वाटू दे. ती खुर्ची रिकामी नव्हती हे तुम्हाला तरी कळेल. आता पुढचं लावा.

साउंडवाला: लावतो. आवाज थोडा वाढवलाय.

(स्पीकरमधून आधी दूर कुठेतरी कपबश्यांचा आवाज. एक लांब श्वास. मग लाकडावर बोटाचे दोन ठोके.)

मुलगी: आले.